काळ किती पुढचा धरायचा?

लातूरच्या पाणीटंचाईवर भविष्यातली फिल्म लिहिताय, तर आधी साल पक्कं करा, कथा नंतर. लातूरकरांनी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी पाहिलंय, पाणी भरायच्या ठिकाणची जमावबंदी सोसलीय. त्यामुळे काळ दोन-तीन वर्षंच पुढचा धरलात, तर प्रेक्षक सिनेमा सोडून चुका काढत बसतो: टँकर असा भरत नाहीत, नगरसेवक असं बोलत नाही. शंभर वर्षं पुढे गेलात तर तो निवांत होतो; तोवर आपण कुठले! पंधरा-वीस वर्षांचं अंतर खरं टोचतं, कारण माणूस लगेच आपल्या पोराचं तेव्हाचं वय मोजतो. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ हा इंग्रजी सिनेमा २००६ चा, त्यातला काळ २०२७ चा. लंडनचे रस्ते ओळखीचेच ठेवलेत, म्हणून भीती अंगावर येते.

तुम्हीही फ्रेममध्ये दोनच गोष्टी बदला. निळा ड्रम तोच, घागरींची रांग तीच. फक्त ड्रमला कुलूप आणि बाईच्या हातात पाण्याचं कार्ड. साल पडद्यावर लिहू नका. कार्डावरच्या शिक्क्यात दिसू द्या, आणि तो शॉट वाचता येईल इतका, तीन-चार सेकंद, धरा. मोबाइल जवळून दाखवणं टाळाच. सगळ्यात आधी तोच जुना वाटायला लागतो.