ताईचं बाळ तासभर सांभाळलं, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

'आय बेबीसॅट माय नेफ्यू' म्हणा. भूतकाळ बेबीसॅट, 'बेबीसिटेड' नव्हे. खरी गोची 'फॉर'ची आहे. ताई-दाजी रंकाळ्यावर फिरायला गेले आणि बाळ तुमच्याकडे, तर 'आय बेबीसॅट फॉर माय सिस्टर'. 'फॉर' खाल्लात की ताईलाच मांडीवर घेऊन बसलात असा अर्थ होतोय बघा!

हा शब्द आईबाप बाहेर असताना थोडा वेळ मूल बघण्यासाठी. पैसे घेतले नाहीत तरी चालतो. राजारामपुरीतल्या नोकरदार जोडप्याकडे रोज दिवसभर येणाऱ्या मावशी म्हणजे नॅनी. आणि बापानं स्वतःचं पोर सांभाळलं तर बेबीसिटिंग म्हणू नका, बरेच जण चिडतात. तिथं 'लुकिंग आफ्टर'.