सॅक, एसटी आणि पंचांग
वाचकांचे प्रश्न : कोकण किनारा, गाडीशिवाय

दिवाळी सरली की सुटी टाकून किनाऱ्याने भटकायला निघणाऱ्यांची पत्रं सुरू होतात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

सलग 3 आठवडे मोकळे आहेत. मांडव्यापासून रेडीपर्यंत स्वतःची गाडी न नेता जायचंय. नकाशावर रोजचे 40-50 किलोमीटर येतात. जमेल ना? (वाचक, डोंबिवली)

नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका. कोकणातली एसटी आडवी धावते आणि तुम्हाला उभं जायचंय, सगळी अडचण तिथे आहे. किनाऱ्यावरचं गाव आणि तालुक्याचं गाव यांच्यात गाड्या आहेत, पण एका किनाऱ्यावरून शेजारच्या किनाऱ्यावर जाणारी गाडी क्वचितच मिळते. वेळासहून आंजर्ल्याला जायचं तर वेळास-मंडणगड, मंडणगड-दापोली, दापोली-आंजर्ले अशा तीन गाड्या होतात. नकाशावर दोन गावं बोटभर अंतरावर दिसली, तरी अर्धा दिवस त्यातच गेला म्हणून समजा.

या आडव्या जाळ्यातून सुटका करतात त्या खाड्यांवरच्या जंगलजेट्या, म्हणजे माणसं आणि गाड्या दोन्ही पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी. उत्तरेकडून आगरदांडा-दिघी (राजपुरीची खाडी), बागमांडला-वेश्वी (सावित्री), दाभोळ-धोपावे (वाशिष्ठी) आणि तवसाळ-जयगड (शास्त्री) या चार तुमच्या वाटेवर आहेत. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं म्हणजे दापोली, खेड, चिपळूण करत शंभराहून जास्त किलोमीटर होतात. जेटीने हीच खाडी दहा-पंधरा मिनिटांत ओलांडता येते. पायी प्रवाशाचं तिकीटही किरकोळ असतं. फसगत होते ती उतरल्यावर. धोपाव्याच्या बाजूला एसटी तुमची वाट बघत उभी नसते आणि गुहागर तिथून पंधराएक किलोमीटर आहे. म्हणून जेटीवर चढल्या चढल्या गाडीवाल्यांशी बोलून घ्या, रिकामी सीट असेल तर बहुतेक जण नेतात. पलीकडे फळी पडली की सगळ्यांना घाई सुटते, मग कुणी काच खाली करत नाही. सागरी महामार्गाचे पूल पुरे झाले की या जेट्यांचं काय व्हायचं ते होवो, तूर्त तरी पायी फिरणाऱ्याला याहून चांगली सोय नाही.

दुसरी सोय म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळची शेवटची एसटी गावातच मुक्कामाला राहते आणि पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास परत निघते. ही वेळ मोबाइलवर शोधत बसू नका. आदल्या संध्याकाळी कंडक्टरलाच विचारा, "सकाळी किती वाजता सोडणार?" म्हणजे झालं. शाळेच्या वेळा धरून चालणाऱ्या गाड्या रविवारी आणि सुटीत बंद असतात, त्यामुळे लांबचा टप्पा रविवारी ठेवू नका.

21 दिवसांची वाटणी अशी करता येईल : रेवदंडा-मुरूडला 3, दिवेआगर-हरिहरेश्वरला 2, वेळासपासून दाभोळपर्यंत 4, गुहागर तालुक्याला 2, जयगड ते रत्नागिरी 3, जैतापूर-विजयदुर्ग-देवगड 2, मालवण ते रेडी 3. हे 19 झाले. उरलेले 2 दिवस कुठेच टाकू नका. एखादी गाडी चुकेल, ताप येईल, किंवा एखादं गाव सोडवणार नाही, तेव्हा ते लागतील. दहाच दिवस असतील तर दाभोळ ते रत्नागिरी एवढंच करा. "आठ दिवसांत अख्खं कोकण" करून आलेल्यांना विचारलं, तर त्यांच्या लक्षात घाट आणि गतिरोधक तेवढे असतात.

परतीचं रेल्वे आरक्षण निघण्याआधीच करा, ते 60 दिवस आधी उघडतं. सावंतवाडीहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस तुम्हाला सोयीची पडेल. आणि कोकण रेल्वेवर स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागलं (राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड) की मूळ गाव लांब आहे हे ओळखा, शेवटच्या रिक्षाचे पैसे वेगळे काढा.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्यावा का? माझं वय 67, पत्नीचं 62. (वाचक, सांगली)

नको. पास 4 किंवा 7 दिवसांचा मिळतो आणि लांबलांबचे टप्पे रोज केले तरच वसूल होतो. किनाऱ्यावर तुमची तिकिटं वीस-तीस किलोमीटरची असणार. शिवाय 65 ते 75 वयोगटाला अर्धं तिकीट आहे आणि मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धंच आहे, म्हणजे तुम्ही दोघे मिळून एकाच तिकिटात फिराल. आधार कार्ड वरच्या खिशात असू द्या, ते सॅकच्या तळाशी गेलं की कंडक्टरचा आणि तुमचा दोघांचा वेळ जातो.

पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) चालत एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं? मोबाइलला रेंज नसली तर? (वाचक, कोल्हापूर)

गणित पंचांगात आहे, आणि बिनरेंजचं आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला पूर्ण भरती. तशीच दुसरी भरती पहाटे चारच्या आधी येऊन गेलेली असते. भरतीपासून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की प्रतिपदेपासून मोजणी परत एकपासून सुरू. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी ढील ठेवा. रोज भरती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून काल जमलेली वेळ आज जशीच्या तशी वापरता येत नाही.

चालायला ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास धरा. त्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू टणक असते, पाय रुतत नाही आणि तासाला चार किलोमीटर आरामात होतात. वरच्या कोरड्या वाळूत हाच वेग निम्म्यावर येतो आणि पोटऱ्या भरून येतात. गुहागरची पुळण जवळपास 6 किलोमीटर सरळ आहे. तिथे पंचमीला सकाळी आठला निघालात तर दीड-दोन तासांत पार होते. दुपारी दोनला निघालात तर सुरूच्या मुळांतून वाट काढावी लागेल.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती खूप वर चढते, ओहोटीही खूप लांब जाते, आणि पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळ पाच-साडेपाचला पडते, म्हणजे चालायला उन्हाचा त्रास नाही. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, पण ओहोटी भर दुपारी बाराला.

तंबू टाकणाऱ्यांनी वाळूवरच्या रेषा वाचायला शिकावं. लाटांनी आणून टाकलेला काडीकचरा, शिंपले, सुकी शेवाळं यांच्या एकाखाली एक अशा दोन-तीन रेषा दिसतात. खालची ओलसर रेषा आजच्या भरतीची, सगळ्यात वरची सुकी रेषा मागच्या उधाणाची. तंबू त्या वरच्या रेषेच्याही वर हवा. दोन दिवसांनी पौर्णिमा असताना खालच्या रेषेला भुलून तंबू टाकला, तर मध्यरात्री अंथरूण भिजणारच. सुरूची बनं बऱ्याच ठिकाणी वनखात्याच्या ताब्यात आहेत, ग्रामपंचायतीत विचारल्याशिवाय तिथे मुक्काम करू नये, शेकोटी तर नाहीच. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून पुढे रात्री पुळणीवर विजेऱ्या मारत फिरू नका. उजेड दिसला की अंडी घालायला आलेली मादी तशीच पाण्यात परतते.

एक गोष्ट मात्र कुठल्याही तिथीला करायची नाही : खाडीच्या मुखातून पायी पलीकडे जाणं. ओहोटीला पाणी गुडघाभर दिसतं, पण मधल्या पात्राचा ओढा समुद्राकडे असतो आणि कडेच्या चिखलात मांडीपर्यंत पाय जातो. पाठीवर सॅक असलेला माणूस एकदा आडवा झाला की उठत नाही. तरीची (ये-जा करणाऱ्या नावेची) सोय असेल तर तिने जा, नसेल तर होडी ठरवा. देवबागहून भोगव्याला कर्लीची खाडी अशीच होडीने ओलांडतात. भाडं बसण्याआधी ठरवून घ्यावं.

सॅकमध्ये काय न्यावं? मी ट्रेकची जुनी यादी काढली आहे. (वाचक, पुणे)

ती यादी सह्याद्रीची, किनाऱ्यावर निम्मी बाद. स्लीपिंग बॅग, जाड जॅकेट, स्टोव्ह घरी ठेवा. भरलेली सॅक आठ किलोच्या आत हवी, कारण ती एसटीत मांडीवर घ्यावी लागते. 40 लिटरची पुष्कळ झाली.

इथला शत्रू थंडी नव्हे, ओल. खाऱ्या हवेत जीन्स आणि जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सॅकला कुबट वास येतो. टॉवेलऐवजी सुती पंचा घ्या, रात्री पिळून टाकला की सकाळी वाळलेला असतो. पातळ कपड्यांचे दोन जोड पुरतात, तिसरा अंगावर. मांड्या आणि काखा घासून सोलवटतात तेव्हा खोबरेल लावून उपयोग होतो, पावडर घामात गोळे धरते. बूट नकोत, पण साध्या स्लीपरही नकोत. खडकावर कालवांची कवचं ब्लेडसारखी असतात, म्हणून मागे पट्टा असलेले जाड तळाचे सँडल घ्या. पाय कापला तर जखम गोड्या पाण्याने धुऊन आतली कवचाची कपची आधी काढा. तशीच पट्टी बांधली की जखम चिघळते.

तीन दिवस पुरतील एवढे पैसे रोख आणि सुट्टे ठेवा. खाडीकाठच्या खोलगट गावांत रेंज गेली की ऑनलाइन पैसे भरणंही थांबतं.

रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं पायी बघायची आहेत. (वाचक, नाशिक)

ऑक्टोबरात जाऊ नका. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, तेव्हा गुडघाभर गवत असतं, चित्र पायाखाली आलं तरी दिसत नाही. गवत सुकून कापलं गेल्यावर, डिसेंबरपासून पुढे जा. वेळही महत्त्वाची आहे. माथ्यावर ऊन आलं की जांभ्यातल्या उथळ रेषा पुसल्यासारख्या होतात. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिरप्या उन्हात खोदरेषेत सावली पडते आणि आकृती उठून येते. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे ही ठिकाणं यासाठी चांगली. कशेळीच्या हत्तीसारखी मोठी आकृती उभ्या जागेवरून कळत नाही, कडेने पूर्ण फेरी मारा. चित्रात उतरू नका, फोटोसाठी खडूने रेषाही गिरवू नका.

सड्यावर सावली आणि पाणी दोन्ही नाही. माणशी तीन लिटर पाणी घेऊनच चढा, आणि मीठ-साखर किंवा कोकमाचं आगळ जवळ ठेवा.

फुरसं या विषारी सापाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगायला हवं. ते गडग्यात (दगड रचून केलेल्या कुंपणात) आणि सुट्या दगडांखाली असतं, रंग मातीत मिसळणारा, लांबी हातभरसुद्धा नाही. दगड उचलू नका, गडग्यावर हात टेकून उडी मारू नका. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. पाय हलू न देता 108 ला फोन करा आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. या विषाने रक्त गोठायचं थांबतं, म्हणून दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी देऊ नये. सूज कमी दिसली तरी रुग्णालयात न्यायचंच.

एकटीने निघतेय. घरगुती निवासवाले एकट्या माणसाला खोली देत नाहीत, असं ऐकलं. (वाचक, ठाणे)

शनिवार-रविवारी खरंच देत नाहीत, कारण त्याच खोलीत चार जणांचं कुटुंब आणि चार ताटं मिळतात. सोमवार ते गुरुवार अडचण येत नाही. शनिवार-रविवारी रत्नागिरी, मालवणसारख्या मोठ्या गावात लॉजवर राहा आणि खेडी आठवड्याच्या मधल्या दिवसांत घ्या.

पहिल्या मुक्कामाचं घर फोनवर ठरवा. तिथून निघताना घरच्या काकींनाच विचारा, "पुढच्या गावात कोण ओळखीचं?" माहेर, आत्ये, चुलतसासू, काही ना काही निघतंच, आणि त्यांच्या फोनवर मिळालेली खोली इंटरनेटवरच्या पाच ताऱ्यांपेक्षा भरवशाची. गावात दिवेलागणीच्या आत पोचा. जेवणार आहात का, मासे चालतात का, हे दुपारी बाराच्या आत कळवा. ताटं मोजून स्वयंपाक होतो आणि ताजा म्हावरा सकाळीच घ्यावा लागतो. सातला फोन केलात तर पिठी-भात मिळेल. तोही वाईट नसतो.

कंपनी म्हणते सलग सुटी देता येत नाही. कायदा काय सांगतो? (वाचक, पनवेल)

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 ज्यांना लागू आहे, तिथे वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे 1 दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. 8 दिवसांची किरकोळ रजा वेगळी. म्हणजे दोन वर्षांची साठवली तर तीन आठवडे सहज निघतात. पण कधी घ्यायची हे कंपनीशी बोलूनच ठरतं. मार्चअखेर आणि गणपती सोडून तारखा सुचवा. गणपतीत तसंही गाडीत पाय ठेवायला जागा नसते.