बी. फार्म., अडीच वर्षांची मुलगी आणि घरून लेखन

सस्नेह नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. बी. फार्म. झाल्यावर औषध कंपनीच्या कागदपत्र विभागात चार वर्षे नोकरी, मुलीच्या जन्मानंतर राजीनामा आणि आता ती अडीच वर्षांची झाल्यावर, कराडमध्ये राहून घरूनच मराठी लेखनाचे काम मिळवावे, असा तुमचा विचार आहे. ‘कॉलेजच्या अंकात चार कविता छापून आल्या, एवढेच माझे भांडवल’ असे तुम्ही लिहिले आहे. येथे तुमचा हिशेब चुकतो आहे, कारण खरे भांडवल नोकरीच्या त्या चार वर्षांत आहे.

नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या व्यक्तीला तिला समजेल अशा भाषेत लेखी माहिती देऊन तिची संमती घेणे केंद्र सरकारच्या औषध चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील रुग्णालयांत चाचणी व्हायची असेल, तर संमतिपत्राचा मराठी अनुवाद लागतोच. पुष्कळदा मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या अनुवादकाकडून त्याचा पुन्हा इंग्रजी अनुवाद करून घेतात आणि दोन्ही ताडून पाहतात. अशा संमतिपत्रात ‘डबल ब्लाइंड’ या शब्दांसाठी ‘दुहेरी अंध’ असे छापलेले मी स्वतः पाहिले आहे. ते वाचून एखाद्या शेतकरी बाईंना आपली दृष्टीच जाणार असे वाटले, तर दोष त्यांचा नव्हे. त्याऐवजी ‘खरे औषध कोणाला मिळते आहे, हे चाचणी संपेपर्यंत तुम्हालाही ठाऊक नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनाही’ असे लिहायला औषधशास्त्र आणि मराठी दोन्ही यावे लागते, आणि अशी माणसे फार नाहीत. अनुवाद संस्थांना अर्ज करताना कवितांचा उल्लेख खुशाल शेवटी करा. पदवी आणि अनुभव पहिल्या ओळीत हवेत.

वेळेबाबत मात्र मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मुलगी दुपारी दोन ते चार झोपते, तेवढ्या वेळात काम होईल, असे तुम्ही म्हणता. असा तांत्रिक मजकूर नीट तपासून अनुवादित करायचा, तर सुरुवातीला तासाला दोनशे ते अडीचशे शब्दांपेक्षा अधिक वेग धरू नये, आणि मुलीची झोप काही करारात लिहून देता येत नाही. म्हणून पहिले सहा महिने आठवड्याला दोन हजार शब्दांच्या वर काम घेऊ नका, आणि घरखर्चाचा कोणताही हप्ता या उत्पन्नावर विसंबून ठेवू नका. ‘घरीच तर आहेस’ हे सासूबाईंचे वाक्य तुम्हाला लागले, ते मी समजू शकतो. तरीही मुलीला दोन तास सांभाळण्याची विनंती त्यांनाच, वेळ ठरवून, स्पष्ट शब्दांत करावी असे मला वाटते.

अडीच हजार रुपये अनामत भरल्यावर टायपिंगचे काम देणाऱ्या ज्या जाहिरातीचा तुम्ही उल्लेख केला आहे, तिच्याकडे एक रुपयाही पाठवू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. अशा प्रकारांत अनेकदा पुढे ‘चुका फार झाल्या, करारभंगाची नोटीस काढू’ अशी धमकी येते आणि आणखी रक्कम उकळली जाते. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवा.

दर शब्दामागे ठरवावा, तो मूळ मजकुराच्या शब्दांवर की मराठी शब्दांवर हे आधीच ईमेलवर लेखी घ्यावे, आणि देयक किती दिवसांत मिळेल हेही त्यातच विचारावे. शुल्कातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतला जाणारा प्राप्तिकर, कापला गेला, तर प्राप्तिकर विवरणपत्र भरून, करदेयता नसल्यास, तो परत मिळतो. तेवढ्यासाठी घाबरून काम सोडू नये.

तुमच्या मनात असलेला पंधरा हजारांचा लेखन अभ्यासक्रम तूर्त राहू द्या. त्याऐवजी घरातल्या एखाद्या औषधाच्या खोक्यातील इंग्रजी माहितीपत्रक घ्या, त्यातील पाचशे शब्द मराठीत आणा आणि ते सासूबाईंना वाचून दाखवा. जेथे त्या ‘म्हणजे काय गं?’ असे विचारतील, तेथे पेन्सिलीने खूण करा आणि ती वाक्ये पुन्हा लिहा. असे तीन नमुने तयार झाले की मला पाठवा. अर्जाचा मसुदा आपण त्यानंतर पाहू.