टॅब दाबला की काय व्हायला हवं

प्रिय दोस्त,

बॅकअपच्या तुझ्या त्या टूलला टॅब कम्प्लिशन, म्हणजे टॅब दाबला की अर्धवट कमांड आपोआप पूर्ण होण्याची सोय, लावायचंय हे वाचून खूप बरं वाटलं. बहुतेक लोक टूल चाललं की थांबतात, ते दिवसातून वीस वेळा टाइप करणाऱ्याच्या बोटांचा विचार कोणी करत नाही, तू करतोयस म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मशिनरी छोटीच आहे. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या शेलमध्ये, ही सोय २००० च्या सुमारास २.०४ व्हर्जनला आली, आणि आजही जवळपास तशीच आहे. तू एक फंक्शन लिहायचं आणि 'कम्प्लीट' कमांडला मायनस कॅपिटल एफ देऊन सांगायचं की माझ्या टूलसाठी हे फंक्शन बोलाव. टॅब दाबला की आतापर्यंत टाइप झालेले शब्द तुला कॉम्प-वर्ड्स या ॲरेमध्ये, म्हणजे यादीत, मिळतात, कर्सर कितव्या शब्दावर आहे ते कॉम्प-सीवर्डमध्ये, आणि तुझी उत्तरं तू कॉम्प-रिप्लाय या ॲरेत ठेवायची, बस. लिस्ट, रिस्टोअर, क्लीन या तुझ्या टूलच्या सबकमांड्स 'कॉम्पजेन'ला, म्हणजे यादीतून जुळणारे शब्द काढून देणाऱ्या बॅशच्या कमांडला, मायनस कॅपिटल डब्ल्यूने दिल्यास तर पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी चालायला लागेल. फक्त अर्धवट शब्दाच्या आधी दोन डॅश टाकायला विसरू नकोस, नाहीतर समोरच्याने डॅशने सुरू होणारा ऑप्शन टाइप केला की कॉम्पजेनला तो स्वतःचाच ऑप्शन वाटतो.

खरं काम इथून पुढे आहे, आणि ते मी एका चुकीतून शिकले. पूर्वी एका ऑफिसात मी असंच एक टूल लिहिलं होतं आणि सर्व्हरची नावं सुचवायची म्हणून कम्प्लिशनच्या फंक्शनमधून थेट रिमोट मशीनला एसएसएच करत होते, म्हणजे नेटवर्कवरून त्यात लॉगिन करत होते. माझ्या टेबलावर, ऑफिसच्या नेटवर्कवर, झटक्यात नावं यायची. मग एका रात्री सिस्टिम पडली, माझा एक सहकारी घरून व्हीपीएनवर बसला होता, त्याने अर्धी कमांड टाइप केली, टॅब दाबला, आणि टर्मिनल गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद, मग त्या अर्धवट ओळीच्या मधोमध पासवर्डचा प्रॉम्प्ट उगवला. त्याला कळेना की तो काय टाइप करतोय आणि कोणाला. एरर डेव्ह-नलला, म्हणजे कचऱ्यात, वळवल्या होत्या मी, पण एसएसएच पासवर्ड थेट टर्मिनलवर मागतं, ते वळवून थांबत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने शांतपणे माझी ओळ स्वतःच्या बॅशआरसीमधून, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमधून, काढून टाकली आणि ते बरोबरच होतं.

टॅब दाबणारा माणूस फक्त विचारत असतो, त्याने अजून काही करायला सांगितलेलं नसतं. म्हणून तुझ्या फंक्शनने नेटवर्कला हात लावायचा नाही, काही बदलायचं नाही, स्क्रीनवर एक अक्षर छापायचं नाही. बॅकअपची नावं हवीत ना, मग टूल जेव्हा खरंच चालतं, बॅकअप घेतं किंवा लिस्ट दाखवतं, तेव्हाच त्याने नावं एका कॅश फाइलमध्ये लिहून ठेवावीत आणि टॅबने फक्त ती फाइल वाचावी. यादी थोडी शिळी असली तरी चालते. फाइल नसली तर काहीच सुचवू नये.

आता तुझ्याच केसमधली एक गोची. तुझ्या बॅकअपच्या नावात वेळ आहे, म्हणजे 'दुकान-१०:३०' अशी, आणि बॅश कोलनवर शब्द तोडतो, कारण कॉम्प-वर्डब्रेक्समध्ये, म्हणजे शब्द कुठे तोडायचा त्या चिन्हांच्या यादीत, कोलन आधीपासून असतो. म्हणजे कोणी 'दुकान-१०:३' लिहून टॅब दाबला तर बॅशच्या मते चालू शब्द फक्त '३' आहे, तू पूर्ण नाव परत दिलंस की ओळीवर 'दुकान-१०:दुकान-१०:३०' दिसतं, आणि लोक तासभर डोकं धरून बसतात. उपाय असा की जुळवताना कोलनसकट पूर्ण शब्द घ्यायचा, पण परत देताना कोलनपर्यंतचा भाग कापून द्यायचा. बॅश-कम्प्लिशन पॅकेजमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. पण तुझं टूल अजून नवीन आहे, तर मी तुझ्या जागी असते तर सरळ नावातला कोलनच काढून टाकला असता.

आणि हे मात्र नीट वाच. कॉम्पजेनला मायनस डब्ल्यूने दिलेल्या यादीतला प्रत्येक शब्द बॅश एक्सपांड करतो, त्यातली डॉलरची चिन्हं वगैरे उलगडून त्यांची किंमत भरतो. म्हणजे बॅकअपच्या नावात कोणी डॉलर आणि कंसात एखादी कमांड घातली असेल तर नुसता टॅब दाबल्यावर ती चालेल! सबकमांड्स तू स्वतः लिहिल्यात, तिथे मायनस डब्ल्यू बिनधास्त वापर. बाहेरून आलेली नावं मात्र साध्या लूपमध्ये एकेक करून जुळव आणि ॲरेत टाक, कॉम्पजेनच्या हाती देऊ नकोस.

रिस्टोअरला नवीन बॅकअप आधी दिसायला हवा, पण बॅश सुचवलेली नावं अक्षरांच्या क्रमाने लावतो, ते थांबवायला 'नोसॉर्ट' ऑप्शन आहे, पण तो बॅश ४.४ पासून. मॅकवर ॲपल अजूनही ३.२ देतं, जे २००६ सालचं आहे, तिथे ती ओळ एरर देईल, म्हणून आधी व्हर्जन तपास. तसेही २०१९ पासून मॅकवर डिफॉल्ट झेडशेल, म्हणजे बॅशऐवजी दुसरा शेल, आहे, त्याचं वेगळं लिहावं लागेल, ते नंतर बघू. झेडशेलमध्ये प्रत्येक पर्यायासमोर माहितीची ओळ दाखवता येते, ते मला फार आवडतं.

क्लीनला मी बॅकअपची नावं सुचवणारच नाही. एकच बॅकअप उरला असेल तर टॅब ते नाव आपोआप भरतो आणि सवयीने एंटर दाबला जातो. पुसायचं असेल तर माणसाने नाव हाताने टाइप करावं, कोणी कुरकुर केली तरी माझं मत बदलणार नाही.

डीबगसाठी फंक्शनमधून इको करू नकोस, ओळीची वाट लागते. टेम्प फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये लिही आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये फाइलमध्ये नवीन येणाऱ्या ओळी दाखवत राहणारं टेल मायनस एफ (इथे छोटा एफ) लावून ठेव, टॅब दाबशील तसं दिसत राहील.

झालं की वायफाय बंद करून, कॅश फाइल उडवून एकदा टॅब दाबून बघ, आणि मग फाइल मला पाठव. माझ्याकडे जुना मॅक आहे, ३.२ वर मी चालवून बघते.

तुझी,
ताई