गोठलेला रेणू सुटतो कसा?

प्रश्न : तारे जन्मतात त्या ढगांत तापमान उणे २६३ अंश सेल्सिअस असतं म्हणतात. मग धूलिकणांवर गोठलेले रेणू वायूत परत येतात कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मागच्या दिवाळीत आईची ट्रंक उघडली, तर पैठणीच्या घडीतल्या डांबरगोळ्या वाटाण्याएवढ्या झालेल्या. न वितळता थेट हवेत गेल्या! पण त्याला ऊब लागते. अवकाशात कार्बन मोनॉक्साइडचा बर्फ उणे २५० अंशांच्या आसपास उडतो, पाण्याचा मात्र उणे १७० च्या वर. नवजात ताऱ्याजवळ ही ऊब मिळते. तुमचा प्रश्न गारठलेल्या ढगाचा आहे, आणि मला तोच जास्त ओढ लावतो.

वृषभ राशीतला, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरचा ढग घ्या. तिथे वायुरूपात मेथॅनॉल, म्हणजे एक साधं अल्कोहोल, सापडतं. ते तयार होतं कणावरच, कार्बन मोनॉक्साइडला एकेक हायड्रोजन चिकटत. ऊब नाही, तरी सुटतं! अतिनील किरण बर्फातले रेणू उडवतात खरे, पण पाण्याच्या बर्फातून हजारेक फोटॉनांमागे (प्रकाशाच्या कणांमागे) एखादाच रेणू निघतो, आणि मेथॅनॉल तर बहुतेक वेळा तुटूनच बाहेर पडतं. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, धूलिकणाला क्षणभर तापवतात, तेव्हाही काही सुटतात. मला सर्वांत पटते ती तिसरी वाट : रेणू जुळताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्याच धक्क्याने तो नवा रेणू कणावरून उडतो. केवढासा कण, मिलिमीटरचा दहा हजारावा भाग!