पेटीवरची टिकली

"मॅडम, आईला गाणं ऐकलं की रडू येतं. घरात गाणी लावायचीच बंद करू का?"

मी संगीतोपचार करते; हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. कधी आईच्या जागी सासरे असतात, कधी रेडिओच्या जागी मोबाइल. कधी तो उलटाही येतो: संगीतानं मन बरं होतं म्हणतात, म्हणून आम्ही दिवसभर लावून ठेवतो, तरी फरक का पडत नाही? दोन्हींचं उत्तर मी एका काकूंकडून शिकले. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू सातारा भागातल्या, वय 62. गावातल्या महिला भजनी मंडळात तीस वर्षं पुढे बसून गाणाऱ्या. पेटीला त्यांचे यजमान. बायकांच्या मंडळात पुरुष तेवढे एकच, त्यावरून गावात थट्टाही व्हायची. ते गेले त्याला आठ महिने झाले होते. काकू जेवायच्या, कामं करायच्या, नातवाला शाळेत सोडायच्या. पण भजन बंद. मंडळातल्या बायका एकादशीला बोलवायला आल्या की डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडायच्या.

लेकीनं तिच्या परीनं सगळं केलं होतं. पेटी डोळ्यांसमोर नको म्हणून माळ्यावर टाकली. एक स्पीकर आणला. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी असते ना, अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग निद्रानाशावर, तशी एक मिळवून रोज सकाळी लावायला लागली. आणि आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की धावत जाऊन बंद करायची.

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मीही जवळजवळ तेच केलं. "शब्द नकोत, नुसती बासरी ऐका, सकाळी वीस मिनिटं," असं सांगून मोकळी झाले. पंधरा दिवसांनी काकू आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवी मांडीवरच.

"ऐकली का बासरी?"

"दोन दिवस ऐकली. मग नाही लावली." थोड्या थांबून म्हणाल्या, "हे आत होते तेव्हा त्या दवाखान्यात खाली असलीच बासरी लावलेली असायची. नऊ दिवस मी तिथं बाकड्यावर बसून होते."

म्हणजे शांत वाटावं म्हणून मी त्यांना पुन्हा अतिदक्षता विभागाबाहेर नेऊन बसवलं होतं.

कोणत्या सुरात औषध आहे हे सुरावरून ठरत नाही, तो सूर ऐकणाऱ्याच्या आयुष्यात कुठे बांधलेला आहे त्यावरून ठरतं. 1940च्या दशकात आयरा अल्टशुलर या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी मांडलेली एक गोष्ट संगीतोपचारात आजही पाळतात: माणसाचं मन ज्या अवस्थेत असेल तिथून सुरुवात करायची, मग हळूहळू पुढे सरकायचं. रडणाऱ्यासमोर एकदम आनंदी गाणं लावलं तर त्याला वाटतं, याला माझं काही कळलेलंच नाही. हे मला पाठ होतं. तरी बासरी सांगितलीच.

त्या दिवशी मी गाण्याचा विषय सोडून दिला आणि विचारलं, "काकू, राग येतो का कुणाचा?"

"त्याचा येतो," त्या वर बघत म्हणाल्या. "तीस वर्षं त्याच्यापुढं गायले. काय उपयोग झाला?"

त्यांच्या भजन बंद होण्याचं मूळ इथे होतं. निव्वळ दुःख असतं तर त्या कदाचित गायल्या असत्या. विठ्ठलावर रुसून त्याच्याच समोर गायचं, हे त्यांना खोटेपणाचं वाटत होतं. मी एवढंच म्हटलं, की आपल्याकडे जनाबाईंपासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी विठोबाला तोंडावर खडसावलं आहे आणि तेही आपण भजन म्हणूनच गातो. काकूंना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण ते आपल्यालाही लागू आहे, हे कुणी त्यांना म्हटलं नव्हतं.

दळताना बायका हेच करायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या संशोधकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत देव आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, माणसासमोर उच्चारता न येणारं पुष्कळ काही आहे. जातं गेलं, गिरणी आली. ते बोलणं कुठे गेलं, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. असो.

पुढच्या वेळी काकूंना पेटी घेऊन यायला सांगितलं. लेक कुरकुरली, पण आणली. बाहेर पाऊस होता. आठ महिने माळ्यावर पडलेली पेटी, खोळीला कुबट वास. काकूंनी भाता हलवला मात्र, आणि कुठल्याही पट्टीला बोट न लावता एक सूर आपोआप वाजायला लागला. दमट हवेत पट्टी फुगून अडकली की असं होतं. मी दचकले. काकू हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

"पावसाळ्यात असंच करते ही. हे म्हणायचे, बघ, तुझ्याआधी हिलाच घाई."

अडकलेली पट्टी त्यांनी नखानं सोडवली. त्यांना पेटी येत नव्हती. मी विचारलं, तुमची गायची पट्टी कुठली? तर तेही माहीत नव्हतं. ते वाजवायचे, या गायच्या, नाव कधी लागलंच नाही. मग एकेक पट्टी दाबून बघत, मान नकारार्थी हलवत त्या "काळी चार"पाशी, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीपाशी आल्या आणि थांबल्या. "ही."

गायला गेल्या तर वरचा सूर फाटला. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "गळा गेला माझा." लेक पाण्याचा ग्लास घेऊन उठली, तिला मी हातानंच थांबवलं. काकू चार-पाच मिनिटं रडल्या. भाता मात्र चालूच होता, हे मला फार नंतर लक्षात आलं.

मग आम्ही फक्त "आ" लावला. शब्द नाही, चाल नाही, पेटीच्या सुरात सूर मिळवायचा आणि श्वास संपेपर्यंत धरायचा. मोठा माणूस एरवी मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. सूर धरला की श्वास बाहेर सोडण्याचा वेळ लांबतो आणि त्यानं हृदयाची गती शांत व्हायला मदत होते. 2001 मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांच्या गटानं 23 जणांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावून तपासलं होतं. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, फुप्फुसं तीच.

घरी करायला एवढंच दिलं: दिवेलागणीला पाच मिनिटं काळी चार आणि "आ". रडू आलं तर रडायचं, पण भाता सोडायचा नाही. लेकीला जास्त अवघड काम दिलं: आईला रडू आलं तरी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही.

तर, गाणी बंद करू का? नको. आणि तुम्ही निवडून लावूही नका. गाणं ऐकून रडू येणं म्हणजे त्रास वाढणं नव्हे. पुष्कळदा आठ महिने दुसरीकडे कुठेच वाट न मिळालेलं रडू तिथून बाहेर पडतं. बघायचं ते रडल्यानंतर. माणूस नंतर उठून चहा टाकतो, कुणाशी दोन शब्द बोलतो, की तासन् तास तसाच पडून राहतो? दुसरी गोष्ट होत असेल, जेवण-झोप सुटली असेल, वर्ष उलटूनही दुःखाची धार तशीच असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. "मला पण जायचंय" असं तोंडून निघत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. नैराश्यावरच्या संगीतोपचाराचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं 2017 मध्ये आढावा घेतला, त्यातही गुण दिसला तो नेहमीच्या उपचारांच्या जोडीला संगीत दिल्यावर, आणि तोही थोड्या काळापुरता तपासलेला. कुणी गोळ्या बंद करून राग ऐकायला सांगत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. काकूंनाही झोपेसाठी मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं होतं.

आषाढात काकू मंडळात गेल्या. गायल्या नाहीत, मागे बसून टाळ धरले. "टाळाला गळा लागत नाही," म्हणाल्या. तीन-चार आठवडे तसेच गेले. मंडळाचा एक फायदा घरातल्या पाच मिनिटांत मिळत नाही. पुढची बाई चरण म्हणते आणि मागच्या ते झेलून परत म्हणतात, तेवढ्यात पुढचीला दम घेता येतो. एकटीनं गाताना फाटणारा सूर तिथे दहाजणींच्या आवाजात सांभाळला जातो.

पेटीला आता गावातलाच एक कॉलेजचा मुलगा बसतो. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, पट्टी कुठली देऊ?" आजवर हा प्रश्न त्यांना मंडळात कुणी विचारलाच नव्हता. काकूंनी माळ्यावरची पेटीच त्याच्यापुढे आणून ठेवली. काळी चारवर एक लाल टिकली चिकटवलेली होती.

टिकल्यांचं ते पाकीट त्यांच्या कपाटात तसंच पडून होतं. मुलगा म्हणतो, बोटाच्या घामानं टिकली निघून येते. दर गुरुवारी भजनाच्या आधी काकू नवी लावतात.

परवा फोनवर सांगत होत्या, पाकीट संपत आलंय, लेकीला बाजारातून आणायला सांगितलंय. मोठ्या आकाराची.