केसाळ शेवाळ उपटलं तरी परत का येतं?

प्रश्न : सर, माझा 200 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा) आहे, सात महिने झाले, दोन क्लाउनफिश आणि थोडे झोआ, मश्रूम हे प्रवाळ एवढंच आहे. दोन महिन्यांपासून दगडांवर हिरवं केसांसारखं शेवाळ आलंय, दर रविवारी उपटतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेवढंच. नायट्रेट-फॉस्फेटच्या टेस्ट शून्य दाखवतात, पाणी घरच्या आरओचं वापरतो. मग याला खायला मिळतं कुठून? सगळं काढून नव्याने सुरू करू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो, टँक अजिबात मोडू नका! सात महिन्यांत जे बॅक्टेरिया बसलेत ते पण जातील आणि शेवाळ नव्या टँकमध्येही येईलच.

टेस्ट शून्य दाखवते कारण पाण्यात आलेलं फॉस्फेट तुमच्या किटपर्यंत पोचायच्या आधीच शेवाळ खाऊन टाकतं, म्हणजे ते शून्य टँकचं नाही, शेवाळाने उष्टं करून उरलेलं आहे. त्यात दगडही कॅल्शियमचे, ते फॉस्फेट धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात.

आता तुमचं आरओ. घरच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा, 50-80 आकडा दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. प्यायला ते उत्तमच आहे, रीफला नाही. रोज दोन लिटर पाणी उडतं असं धरा, महिन्याला 60 लिटर टॉप-अप (उडालेल्याच्या जागी भरलेलं पाणी) झाला, पाणी वाफ होऊन जातं पण त्यातलं बाकी सगळं टँकमध्येच राहतं आणि साठत जातं. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडा, आकडा 0 आला पाहिजे. माझ्या मते तुमच्या टँकसाठी पहिला खर्च हाच करा, बाटलीतल्या औषधावर नको.

उपटताना पंप बंद करताय ना? नाहीतर तुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर जाऊन दुसऱ्या दगडाला चिकटतात. जो दगड सुटा होतो तो टँकच्याच पाण्याच्या बादलीत घ्या आणि जुन्या टूथब्रशने घासा, मुळाशी एक तपकिरी गाळाचा थर निघतो, बोटाला चिखलासारखा लागतो, तो पण जाऊ द्या, खरं खाद्य तिथेच अडकलेलं असतं. जो दगड हलत नाही तिथे सायफनची नळी एका हाताने शेवाळाच्या बुडाशी धरायची आणि दुसऱ्या हाताने उपटायचं.

फ्रोझन खाणं चहाच्या गाळणीत विरघळवून ते पाणी फेकून द्या. लाइट आठ तासांवर आणा. चार-पाच टर्बो गोगलगाई सोडा, पण आधी शेवाळ आखूड करा, लांब केस त्या खात नाहीत, आणि नंतर शेवाळ संपलं की उपाशी मरतात बिचाऱ्या, तेव्हा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा द्यायला विसरू नका. फॉस्फेट शोषणारा मीडिया (फिल्टरमध्ये ठेवायचे दाणे) वापरलात तर अर्ध्या डोसने सुरू करा. नायट्रेट 5-10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असेल तर छान, खरंखुरं शून्य करायला जाऊ नका, तपकिरी, बुडबुडेवाले डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात आणि ते या शेवाळापेक्षा कितीतरी चिवट. दोन-तीन महिने धरा, दगड रिकामे व्हायला तेवढा वेळ लागतोच.

एक तपासा, केस पिसासारखे दोन्ही बाजूंनी फुटलेले असतील तर ते ब्रायॉप्सिस नावाचं दुसरं शेवाळ, त्याला गोगलगाई सहसा तोंड लावत नाहीत. तसं दिसलं तर जवळून फोटो काढून पाठवा, उपाय वेगळा आहे.

आणि बदली म्हणून समुद्रावरून दगड किंवा प्रवाळ उचलून आणू नका प्लीज, कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत.